इशारा नेमका कोणत्या पाण्यासाठी?

‘महाराष्ट्र-गोवा किनाऱ्यालगत ताशी ४५ ते ५५ किलोमीटर वेगाने वारे वाहतील, मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये,’ अशा धाटणीचे इशारे पावसाळ्याच्या तोंडावर वारंवार येतात. पण एकट्या महाराष्ट्राचाच किनारा सुमारे ७२० किलोमीटरचा. मालवणला दर्या खवळलेला असताना सातपाटीला पाणी शांत असू शकते. डिझेल-बर्फ भरलेली होडी बंदरातच राहिली आणि वारा फिरकलाच नाही, की पुढचा इशारा तांडेल कानाआड करतो. त्याला बेफिकीर म्हणणे सोपे आहे.

अमेरिकेत किनारी समुद्राचे ठरावीक पट्टे पाडले आहेत. प्रत्येकाला तीन अक्षरे व तीन अंकांचा संकेतांक असून तो इशाऱ्यातच येतो. हवामान रेडिओतही हव्या त्या भागाचा क्रमांक भरून ठेवता येतो; मग तो त्या भागाच्या इशाऱ्यालाच वाजतो.

आपल्याकडे याची गरज अधिकच आहे. २०१७च्या ओखी वादळात केरळच्या कितीतरी नौका देवगड बंदरात आश्रयाला आल्या. घरापासून इतक्या दूर मासेमारी करणाऱ्याला मराठी इशारा काय कळणार? अंक मात्र मल्याळी, तमिळ, गुजराती तांडेलालाही कळतो.

अर्थात नुसता आकडा कामाचा नाही. शेजारी बंदराचे नाव हवेच. आणि पट्ट्यांच्या सीमा कार्यालयात बसून आखू नयेत. तांडेल समुद्र वावांत मोजतो. कोणत्या वावापुढे वारा बदलतो, हे आधी त्याला विचारावे.