नटाच्या कपाळींचा शिक्का

शेतकरी बंधूंनो, जत्रेंतल्या तंबूंत चित्रपट पाहून आलेलीं आपलीं माणसें पारावर काय बोलत असत, तें आठवून पाहा. "तो निळू फुले भारी नीच माणूस!" ह्या नीच माणसानें केलें काय? पडद्यावर जें करावयास सांगितलें, तें चोख केलें; एवढाच त्याचा गुन्हा.

निळूभाऊ पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागेंत माळीकाम करीत आणि सेवादलाच्या कलापथकांत वग करीत. १९६८ सालीं 'एक गाव बारा भानगडी'मधला त्यांचा झेलेअण्णा गाजला. आणि मग पाटील, पुढारी, कारखानदार, गांवाला नाडणारा जो कोणी असेल तो निळूभाऊंनींच करावा असा रिवाज पडला. पडद्याबाहेर हा गृहस्थ अंधश्रद्धा निर्मूलनाच्या आणि सामाजिक कृतज्ञता निधीच्या कामांत खपत होता. तरी खेड्यांतल्या बायाबापड्या त्यांना पाहून शिव्याशाप देत. ते हसून ती आपल्या कामाची पावती समजत. मोठ्या मनाचा माणूस, त्यांनीं तसें घेतलें. पण असली पावती आम्हीं द्यावी काय?

त्यांना १९७९ च्या 'सिंहासन'मध्यें दिगू पत्रकार तरी मिळाला. कोल्हापूरचे गणपत पाटील ह्यांच्या वांट्याला तेंहि आलें नाहीं. तमाशापटांतला नाच्या म्हटला कीं गणपतराव! घरीं बायकामुलें असलेला हा संसारी माणूस. पण लोकांनीं सोंग आणि माणूस एकच धरला, त्याच्या पुरुषपणाविषयीं कुजबूज केली, आणि मुलांच्या सोयरिकी जुळवितांना त्या घराला त्याचा जाच झाला. तंबूंत पैसे मोजून जे हसले, तेच सोयरीक म्हणतांच मागें सरले. (नाच्या असणें ही तरी लाजेची गोष्ट कां मानावी, हाहि प्रश्न आम्हीं कधींतरी स्वतःला विचारला पाहिजे.) २००८ सालीं गणपतराव गेले, ते नाच्या म्हणूनच.

दोष कोणाचा? चित्रपट काढणारा कर्जाऊ पैसा घालतो. एकदां चाललेलें नाणें तो पुन्हां चालविणारच. नटानें नाहीं म्हटलें तर दुसरा उभा असतो आणि ह्याची चूल थंड पडते. परंतु तें नाणें चालतें कोणाच्या तिकिटावर? आमच्याच. कुंभाराच्या पोरानें जन्मभर मडकींच घडावीं, असें कोणी म्हणालें तर आम्ही चवताळून उठतों. नटाला मात्र एका सोंगाशीं बांधून टाकतांना आमच्या मनाला कांहींच वाटत नाहीं.

ललिता पवार ह्या एके काळीं नायिका होत्या. १९४२ सालीं चित्रीकरणांत बसलेल्या थपडेनें त्यांचा डोळा अधू झाला आणि पुढें त्या खाष्ट सासू झाल्या. १९५९ च्या 'अनाडी'मध्यें त्यांनीं कनवाळू मिसेस डिसा अशी उभी केली कीं तिजबद्दल फिल्मफेअरचें पारितोषिक मिळालें. म्हणजे बाईंना माया दाखवितां येत नव्हती असें नाहीं. तरी १९८७ सालीं दूरदर्शनवर रामायण आलें, तेव्हां मंथरेसाठीं बोलावणें गेलें तें ललिताबाईंनाच.