मॅगझिन काढले, म्हणजे पिस्तूल रिकामे झाले?

आमच्या ग्वाल्हेर-चंबळ भागात परवान्याचे हत्यार हा सुरक्षेइतकाच प्रतिष्ठेचाही विषय आहे. आपल्या मराठी घरांनाही तो आता परका राहिलेला नाही. हल्ल्यांच्या धास्तीने आपल्याच व्यवसायातील काहींनी परवाने घेतले आहेत. परवाना घ्यावा की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. परंतु ज्या घरात लहान मूल आहे, त्या घरातील पिस्तूल हा बालरोगतज्ज्ञाचाही विषय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

लसीकरणासाठी आलेल्या एका पाच वर्षांच्या मुलाच्या वडिलांना मी विचारले, "पिस्तूल घरी कुठे ठेवता?" "कपाटात. याला ठाऊकही नाही," ते म्हणाले. मुलगा तत्काळ उद्गारला, "आईच्या साड्यांखाली!"

हा अपवाद नव्हे. २००१ साली अमेरिकेतील 'पीडियाट्रिक्स' या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ८ ते १२ वर्षांच्या ६४ मुलग्यांना दोन-तीनच्या गटांत एका खोलीत बसवले होते. तेथील खणात एक खरे, पण रिकामे सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल होते. २९ गटांपैकी २१ गटांना ते सापडले, १६ गटांनी हाताळले आणि १० गटांत कोणीतरी चापही ओढला. 'हात लावू नकोस' ही शिकवण कुतूहलापुढे टिकत नाही, हे आपण मुलांचे डॉक्टर रोजच पाहतो.

त्यात या हत्याराची रचना फसवी आहे. रिव्हॉल्व्हरचे चक्र उघडले की सर्व काडतुसे एकदम दिसतात. पिस्तुलाचे मॅगझिन काढले, तरी एक काडतूस चेंबरमध्ये शिल्लक राहू शकते, आणि पुष्कळ पिस्तुले मॅगझिन नसतानाही ते उडवतात. म्हणून क्रम चुकता कामा नये. नळी सुरक्षित दिशेला व बोट चापापासून दूर ठेवून प्रथम मॅगझिन काढावे, मग स्लाइड मागे ओढून चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने तपासावे. आधी स्लाइड ओढून नंतर मॅगझिन काढल्यास नवे काडतूस आत चढलेले असते!

सफाईपूर्वी हाच क्रम पाळावा आणि त्या वेळी काडतुसे खोलीतच नसावीत. तेल बेताचेच लावावे. जादा तेलावर धूळ बसून हत्यार अडकते. चाप ओढूनही बार न उडाल्यास नळी सुरक्षित दिशेलाच ठेवून किमान अर्धा मिनिट थांबावे, कारण बार उशिरानेही उडू शकतो. वारंवार अडकणारे पिस्तूल स्वतः खोलत न बसता परवानाधारक कारागिराकडे न्यावे.

"कुलपात ठेवले, तर वेळेवर हाती कसे येणार?" हा आक्षेप मी नेहमी ऐकतो. तो खोटा नाही. परंतु चोर येईल तेव्हा येईल. मूल मात्र रोज घरातच असते. म्हणून पिस्तूल रिकामे करून कुलपात, काडतुसे वेगळ्या कुलपात आणि किल्ल्या मुलांना न सापडतील अशा ठेवाव्यात.

रॉकेल, फिनेल, गोळ्या-औषधे कुठे ठेवता, हे आपण पालकांना विचारतोच. त्याच यादीत, तितक्याच सहजतेने, पिस्तुलाचाही प्रश्न असावा. आणि तो इतरांना विचारण्याआधी आपण आपले स्वतःचे कपाट उघडून पाहावे, एवढीच व्यवसायबंधूंना विनंती.