चौकटीचें शास्त्र

संस्कृतांत पाण्यास ‘जीवन’ असें एक नांव आहे, हें वाचकांस ठाऊकच आहे. या जीवनाच्या पोटीं एक वायु असा दडलेला आहे, कीं तो जळाला असतां धूर न होतां पुन्हां पाणीच होतें. कॅव्हेंडिश या इंग्रज शास्त्रज्ञानें १७६६ सालीं तो निराळा ओळखला. पुढें फ्रान्सांत लाव्हाझ्येनें त्यास ‘पाणी उत्पन्न करणारा’ या अर्थाचें ग्रीक नांव दिलें, आणि आमच्या परिभाषाकारांनीं त्याचेंच ‘उद्जन’ असें सुरेख रूप केलें. घरोघरीं मात्र ‘हायड्रोजन’ हाच शब्द रुळला आहे. आम्हीही तोच योजितों.

या वायूची चर्चा आज वर्तमानपत्रांत वारंवार येते, त्यास कारण आहे. जानेवारी २०२३ मध्यें केंद्र सरकारनें १९,७४४ कोटि रुपयांच्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानास मंजुरी दिली. २०३० पर्यंत दरसाल ५० लाख टन हें त्याचें उद्दिष्ट. त्याच वर्षीं महाराष्ट्र सरकारनेंही आपलें धोरण ठरविलें. सूर्याच्या वा वाऱ्याच्या विजेनें पाणी फोडावयाचें, हें त्याचें मर्म. आणि पाणी फोडण्याचें यंत्र म्हणजे इलेक्ट्रोलायझर. या यंत्राविषयीं बोलतांना लोक त्यांतील मोलवान् धातूंविषयीं बोलतात. आम्हांस आज बोलावयाचें आहे तें त्यांतील एका उपेक्षित अवयवाविषयीं, म्हणजे घराच्या चौकटीविषयीं.

वाड्यांत नांदणाऱ्यांस ही रचना समजण्यास अडचण पडूं नये. वाड्यांत खोलीस खोली लागून असते; एकीची भिंत तीच दुसरीची भिंत. या यंत्रांतही तसेंच आहे. अनेक घरें एकामागें एक दाबून बसविलेलीं असतात. दोन घरांमधील धातूच्या पत्र्याची एक बाजू ऋण ध्रुवाची, तर दुसरी धन ध्रुवाची. प्रत्येक घराच्या मध्यभागीं एक सच्छिद्र पडदा असतो. त्याच्या एका अंगास हायड्रोजन निघतो, दुसऱ्या अंगास प्राणवायु. पत्रा, पडदा आणि जाळ्या या सर्वांस जागच्या जागीं धरून ठेवते ती चौकट. शिवाय क्षारयुक्त पाणी आंत येण्याची व वायु बाहेर जाण्याची वाटही चौकटींतील छिद्रांतूनच असते. सगळ्या चौकटी ओळीनें लागल्या कीं त्या छिद्रांचे लांब बोगदे बनतात.

आपल्याच प्रांतांतील उदाहरण घेऊं. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानें सच्छिद्र निकेलचे ध्रुव वापरून एक आटोपशीर यंत्र सिद्ध केलें आहे. त्यांत ४० घरें असून तें तासास १० घनमीटर हायड्रोजन देतें. ध्रुवाच्या दर चौरस मीटरास वीज वाहते ४,५०० अँपिअर. आतां थोडें गणित करूं. १० घनमीटर म्हणजे सुमारें ९०० ग्रॅम. फॅरेडेच्या नियमाप्रमाणें तेवढ्यास सुमारें २४,००० अँपिअर-तास लागतात. ते ४० घरांत वांटले तर प्रत्येक घरांतून ६०० अँपिअर. याला ४,५०० नें भागलें कीं ध्रुवाचें क्षेत्र निघतें ०·१३ चौरस मीटर, म्हणजे ४१ सेंटिमीटर व्यासाची एक मध्यम परात! एवढ्याशा आकारांत एवढें काम, ही आटोपशीरपणाची खूण.

परंतु आटोपशीरपणा फुकट मिळत नाहीं. बोगद्यांतील क्षारपाणी विजेचें वाहक असल्यामुळें कांहीं वीज घरांतून न जातां त्या चोरवाटेनें निसटते. ती अडवावी म्हणून छिद्राची वाट अरुंद व लांब करावी, तर वायूचे बुडबुडे तुंबतात. चौकट लोखंडाची केली तर ती स्वतःच वीज वाहते, म्हणून तिला वेगळें आवरण घालावें लागतें. प्लास्टिकची केली तर उष्णतेनें व बोल्टांच्या दाबानें ती हळूहळू दबते आणि सांधा गळूं लागतो. मापाचेंही तसेंच. प्रत्येक चौकट एका बाजूस केसभर, समजा ०·१ मिलिमीटर, जाड राहिली, तर शंभर चौकटींच्या रांगेंत तो दोष १ सेंटिमीटर होतो आणि सगळी रांग वांकते.

याहून गंभीर गोष्ट ही. प्राणवायूंत हायड्रोजन शेंकडा ४ च्या आसपास मिसळला, कीं एक ठिणगी पुरे. यासाठीं तें प्रमाण शेंकडा २ वर पोंचलें कीं यंत्र बंद करण्याची पद्धत आहे. सायंकाळीं ऊन उतरतें, वीज कमी मिळते, प्राणवायु थोडा निघतो. पण पडद्यांतून झिरपणारा हायड्रोजन तितकाच राहतो, आणि त्याचें प्रमाण वाढतें. म्हणजे दुपारीं निर्धोक असलेलें यंत्र दिवेलागणीस धोक्याचें होऊं शकतें. चौकट बारीक करितांना चार पैसे वांचविणाऱ्यानें हें विसरतां कामा नये.

छत्रपति संभाजीनगरच्या वाचकांस आम्ही हें मुद्दाम कां सांगतों? एक कारण पाण्याचें. १ किलो हायड्रोजनास शास्त्राप्रमाणें ९ लिटर शुद्ध पाणी लागतें. रोज १० टन करावयाचा तर ९०,००० लिटर, म्हणजे १०,००० लिटरचे नऊ टँकर, आणि शुद्धीकरणांत जाईल तें वेगळें. उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहणाऱ्या मराठवाड्यानें हा हिशेब आधीं मांडला पाहिजे. दुसरें कारण आशेचें. मातीच्या नळांतून दुरून पाणी आणून त्याच्या दाबावर जातें फिरविणारी पाणचक्की याच गांवांत आहे; अरुंद वाटेनें पाणी कसें न्यावें, हें येथील कारागिरांस शतकांपूर्वीं उमगलें होतें. आज वाळूज व चिकलठाण्याच्या कारखान्यांत सांचे घडविणारे, रबराचे व प्लास्टिकचे भाग ओतणारे कुशल हात आहेत. अचूक मापाची चौकट हें त्यांच्याच जातीचें काम होय.

म्हणून ज्या घरांतील मुलगा वा मुलगी यंत्रविद्या शिकत आहे, त्या घरच्या वडील मंडळींस आमचें सांगणें एवढेंच, कीं संगणकावर चित्र काढण्याबरोबर हातांत मापक धरण्याची संवय त्यांस लावावी. एकत्र आल्यास धोक्याच्या ठरणाऱ्या दोन शेजाऱ्यांस एका भिंतीच्या अंतरानें सुखरूप नांदविणें ही चौकटीची कसोटी. आणि ती केसभर चुकीस क्षमा करीत नाहीं.