आकाशातली हजेरी

या वर्षीच्या गॅदरिंगमध्ये वादविवाद स्पर्धेचा विषय होता, 'रडारचे दिवस संपले.' मला विरोधी बाजू आली होती आणि वेळ होता चार मिनिटं. माझ्यासारख्या कॉन्व्हेंटवालीची त्यातली निम्मी मिनिटं 'टक्कर' म्हणावं की 'धडक', यातच जातात! निकाल काय लागला ते सोडा. पण बेल वाजल्यामुळे जे पोटात राहिलं ते कागदावर उतरवावं म्हटलं, म्हणून हा लेखप्रपंच.

मेकॅनिकल आणि सिव्हिलच्या मित्रमंडळींनी लगेच पान उलटू नये म्हणून आपल्या हॉस्टेलच्या भाषेत सांगते.

समजा, रात्री लाइट गेले आहेत आणि रेक्टर मॅडमना कोण कुठे आहे ते बघायचं आहे. पहिला मार्ग म्हणजे टॉर्च घेऊन कॉरिडॉरमधून फिरायचं. जिच्यावर उजेड पडेल ती दिसते, पण अंधारात नाव काही कळत नाही. हे झालं प्रायमरी रडार. जमिनीवरून रेडिओ लहर सोडायची, ती विमानावर आपटून परत आली की दिशा आणि अंतर कळतं. विमान कोणाचं आणि किती उंचीवर, ते मात्र कळत नाही.

दुसरा मार्ग म्हणजे हजेरी पुकारायची. हे सेकंडरी रडार. जमिनीवरून १०३० मेगाहर्ट्झवर प्रश्न जातो आणि विमानातला ट्रान्सपाँडर १०९० मेगाहर्ट्झवर उत्तर देतो, 'प्रेझेंट मॅडम!' उत्तरात चार आकडी कोड असतो आणि उंचीसुद्धा. कोडमधला प्रत्येक आकडा ० ते ७ मधला, म्हणजे एकूण ४०९६ कोड. अँटेना गोल फिरत असते, त्यामुळे प्रत्येक विमानाची पाळी साधारण चार ते बारा सेकंदांनी येते.

तिसरा मार्ग नवा. कोणी विचारायची वाटच बघायची नाही. प्रत्येकीने सेकंदाला दोनदा स्वतःहून ओरडायचं, 'मी अमुक, दुसऱ्या मजल्यावर आहे, जिन्याकडे निघाले आहे!' हे एडीएस-बी. पूर्ण नाव ऑटोमॅटिक डिपेंडंट सर्व्हेलन्स-ब्रॉडकास्ट. विमान जीपीएसवरून आपली जागा काढतं आणि ती सगळ्या जगाला सांगत सुटतं. ऐकायला फिरती अवजड अँटेना लागत नाही, एक साधा रिसीव्हर पुरतो.

आता हे सगळं कशासाठी? १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातल्या चरखी दादरीवर सौदी अरेबियाचं बोइंग ७४७ आणि कझाकस्तानचं इल्युशिन-७६ एकमेकांवर आदळले. ३४९ माणसं गेली, एकही वाचलं नाही. आपल्यापैकी बहुतेकांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. सौदी विमानाला १४ हजार फुटांवर थांबायला सांगितलं होतं आणि कझाक विमानाला १५ हजारांवर. कझाक विमान ठरलेली उंची सोडून खाली आलं. दिल्लीच्या कंट्रोलरसमोर तेव्हा प्रायमरी रडार होतं, म्हणजे फक्त टॉर्च. पडद्यावर दोन ठिपके जवळ येताना दिसत होते, पण त्यांच्यात उभं अंतर किती आहे हे तो पडदा सांगूच शकत नव्हता. वैमानिक जी उंची सांगेल ती खरी मानायची, एवढंच कंट्रोलरच्या हातात होतं. या अपघातानंतर आपल्याकडे विमानांत टक्कर टाळणारी यंत्रणा सक्तीची झाली आणि दिल्लीत येणारी-जाणारी विमानं वेगळ्या मार्गांवर टाकली गेली. आपल्या देशाला 'हजेरी' कशासाठी असते हे शिकायला इतकी मोठी किंमत द्यावी लागली.

म्हणून एडीएस-बीच्या बाजूने बोलणाऱ्या माझ्या प्रतिस्पर्ध्यांचं निम्मं म्हणणं मला मान्य आहे. रडार महाग, त्याची देखभाल महाग, आणि समुद्रावर तर ते उभंच करता येत नाही. मुंबईहून आखाताकडे किंवा आफ्रिकेकडे जाणारं विमान अरबी समुद्रावर बरंच आत गेलं की किनाऱ्यावरच्या रडारच्या टप्प्याबाहेर जातं. मग दोन विमानांत मोठं अंतर ठेवूनच काम करावं लागतं. ऑस्ट्रेलियासारख्या अवाढव्य, बऱ्याचशा ओसाड देशाने एडीएस-बी लवकर उचललं आणि डिसेंबर २०१३ पासून २९ हजार फुटांच्या वर उडणाऱ्या विमानांना ते सक्तीचं केलं, ते उगाच नाही. अमेरिकेने १ जानेवारी २०२० पासून बहुतेक गजबजलेल्या हवाई हद्दीत सक्ती केली. इरिडियमच्या ६६ उपग्रहांवर एडीएस-बी ऐकणारे रिसीव्हर बसवून २०१९ पासून समुद्रावरची विमानंसुद्धा थेट दिसू लागली. आपल्या एअरपोर्ट्स अथॉरिटीनेही देशात ठिकठिकाणी एडीएस-बीची स्टेशनं उभारली आहेत. हे सगळं उत्तमच आहे. माझा वाद आहे तो 'आता रडारची गरज नाही' या पुढच्या वाक्याशी.

कारण नावातला 'डिपेंडंट' हा शब्द सगळे घाईत गिळून टाकतात. ही हजेरी विमानाच्या स्वतःच्या सांगण्यावर अवलंबून आहे. आणि हजेरी स्वतःच्या सांगण्यावर असली की काय होतं, हे इंजिनीअरिंग कॉलेजात मी सांगायला हवं का? प्रॉक्सी!

एडीएस-बीचा एक संदेश ११२ बिटांचा असतो. त्यात विमानाचा २४ बिटांचा पत्ता असतो, माहिती असते, चूक पकडणारे पॅरिटी बिट असतात. सही मात्र नसते. म्हणजे हा संदेश खरोखर त्याच विमानाने पाठवला का, हे संदेशावरून ओळखता येत नाही. २०१२ सालीच लास व्हेगासच्या सुरक्षा परिषदांमध्ये संशोधकांनी दाखवून दिलं होतं की फारसा खर्च न करता खोटी विमानं 'हजर' करता येऊ शकतात. ही झाली मुद्दाम मारलेली प्रॉक्सी.

दुसरा प्रकार जास्त बेमालूम. इथे विमान खोटं बोलत नाही, त्यालाच फसवलेलं असतं. जीपीएसचा सिग्नल मुळात फार क्षीण. जमिनीवरून कोणी त्याच्यापेक्षा जोरदार खोटा सिग्नल सोडला की विमानाला आपण भलतीकडेच आहोत असं वाटतं आणि ते अत्यंत प्रामाणिकपणे ती चुकीची जागा जगाला सांगतं. हे काही परदेशातलं नाही. नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात सीमाभागात, मुख्यतः अमृतसर आणि जम्मूच्या आसपास, जीपीएसमधल्या अशा ढवळाढवळीच्या ४६५ घटना नोंदल्या गेल्याचं सरकारनेच लोकसभेत सांगितलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये तर खुद्द दिल्ली विमानतळाजवळ हा प्रकार झाला. अशा वेळी कंट्रोलरकडे विमानाच्या शब्दाबाहेरचा एखादा साक्षीदार नको का?

तिसरा प्रकार म्हणजे मुळात गप्प बसणारा. ८ मार्च २०१४ रोजी मलेशियाचं एमएच-३७० विमान २३९ माणसांसह नाहीसं झालं. ट्रान्सपाँडर बंद पडताच सेकंडरी रडारवरून ते गेलं आणि एडीएस-बीवरूनही गेलं, कारण दोघांचा आवाज एकाच डब्यातून येतो. ते मागे वळून मलेशियावरून परत पश्चिमेला गेलं, हे नंतर कशावरून कळलं? लष्कराच्या प्रायमरी रडारवरून. म्हणजे ज्याला आपण म्हातारं म्हणून निवृत्त करायला निघालो आहोत, त्या टॉर्चने ते पाहिलं होतं. जो 'प्रेझेंट' म्हणतच नाही, त्याला टॉर्चशिवाय कोण शोधणार?

उपाय नाहीत असं नाही. चार रिसीव्हर वेगवेगळ्या जागी ठेवा. एकच संदेश प्रत्येकाकडे किंचित वेगळ्या वेळी पोचतो. त्या वेळांच्या फरकावरून संदेश नेमका कुठून निघाला ते गणिताने काढता येतं. एका मायक्रोसेकंदाचा फरक म्हणजे साधारण ३०० मीटर. याला मल्टिलॅटरेशन म्हणतात. विमान काहीही सांगो, प्रकाशाचा वेग प्रॉक्सी मारत नाही! पण हे उपाय करायचे तर 'स्वस्त पडतं म्हणून नवं घ्या' हा हिशेब थोडा बदलावा लागेल, हे आधीच कबूल केलेलं बरं.

आता माझा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा, जो स्पर्धेत बेलने खाल्ला. हजेरी कोणाला लागू, आणि ऐकतं कोण?

२९ जानेवारी २०२५ रोजी वॉशिंग्टनच्या विमानतळावर उतरणारं एक प्रवासी जेट आणि लष्कराचं ब्लॅक हॉक हेलिकॉप्टर यांची टक्कर झाली. ६७ माणसं गेली. हेलिकॉप्टरचा एडीएस-बी संदेश जात नव्हता. रडारवर ते दिसत होतं, त्यामुळे केवळ त्या एका कारणाने अपघात झाला असं म्हणणं बरोबर नाही. पण दुसरी बाजूही बघा. कायद्याने सक्ती आहे ती ओरडण्याची, म्हणजे 'आउट'ची. इतरांचं ऐकण्याची, म्हणजे 'इन'ची सक्ती नव्हती. जेटच्या वैमानिकांना टक्कर टाळणाऱ्या यंत्रणेने सुमारे वीस सेकंद आधी 'ट्रॅफिक' एवढंच सांगितलं. जमिनीच्या इतक्या जवळ ती यंत्रणा 'वर जा, खाली जा' असा हुकूम देत नाही. अमेरिकेतली अपघात तपासणारी संस्था २००८ पासून सांगते आहे की कॉकपिटमध्ये ऐकण्याची सोयसुद्धा हवी. सतरा वर्षं! सगळ्यांनी ओरडायचं, पण ऐकणार फक्त रेक्टर. शेजारच्या खोलीतलीला पत्ताच नाही. ही कसली हजेरी?

लष्कराला सवलत असावी का? युद्धाच्या वेळी, गुप्त कामगिरीवर, जरूर असावी. पण वॉशिंग्टनचं ते उड्डाण सरावाचं होतं. आपल्याकडे हा प्रश्न आणखी जवळचा आहे. पुण्याचं लोहगाव विमानतळ मुळात हवाई दलाचं आहे. लढाऊ विमानं आणि आपलं दिवाळीच्या सुट्टीचं विमान एकाच धावपट्टीवरून उडतात. मुंबईत ९ फेब्रुवारी २००९ रोजी दिल्लीला निघालेलं प्रवासी विमान धावपट्टीवर वेगात असताना समोर राष्ट्रपतींच्या ताफ्यातलं हेलिकॉप्टर उतरलं होतं. वैमानिकाने जोरात ब्रेक लावले म्हणून सुमारे दीडशे माणसं वाचली. आकाश सगळ्यांचं आहे तर नियमही सगळ्यांचा हवा, मग त्यावर लाल दिव्याचा मान असो वा नसो.

मुलींच्या हॉस्टेलमध्ये राहणाऱ्यांना हा मुद्दा चटकन कळेल. आमची रोज रात्री साडेनऊला सही. समोरच्या मुलांच्या हॉस्टेलमध्ये साडेनऊला क्रिकेट रंगात आलेलं असतं. 'तुमच्या सुरक्षेसाठी' असं आम्हाला सांगतात. ठीक आहे, पण सुरक्षेसाठी असेल तर सगळ्यांची घ्या. आणि एखादी आलीच नाही तर लगेच कोणीतरी शोधायला निघतं का, ते सांगा. तसं होत नसेल तर ती हजेरी सुरक्षेसाठी नाही, रजिस्टर भरण्यासाठी आहे.

सर्व्हेलन्सला मराठी शब्द शोधताना शब्दकोशात 'पाळत' सापडला. आजीला विचारलं तर ती म्हणाली, 'अगं, राखण म्हण की.' मला हा फरक फार आवडला. पाळत संशयिताची ठेवतात, राखण आपल्या पिकाची करतात. अमेरिकेत माझ्याच वयाच्या एका कॉलेजच्या विद्यार्थ्याने एका उद्योगपतीचं खाजगी विमान एडीएस-बीवरून शोधून ते कुठे उतरलं हे जगाला सांगायला सुरुवात केली, तेव्हा २०२२ मध्ये केवढा गदारोळ झाला. पाळतीचा आरोप झाला. माझं मत असं की विमानाची जागा ही गुप्त बाब असू शकत नाही, कारण ते दुसऱ्यांच्या डोक्यावरून आणि दुसऱ्या विमानांच्या शेजारून जातं. आत कोण बसलं आहे, हा मात्र वेगळा प्रश्न. त्याची यादी जगाला कळायचं कारण नाही. त्यासाठी पत्ता बदलून देण्याची सोय करा, पण आवाज बंद करू नका.

तेव्हा थोडक्यात माझं म्हणणं असं. एडीएस-बी हवं, आणि शांततेच्या काळात सामायिक आकाशात उडणाऱ्या प्रत्येकाला हवं, लष्करी आणि व्हीआयपीसुद्धा. नुसतं बोलायला नको, ऐकायलाही हवं. आणि त्याच्या शब्दाची शहानिशा करायला दुसरा साक्षीदार कायम हवा, मग ते रडार असो की मल्टिलॅटरेशन. मोठ्या विमानतळांवरून आणि सीमेवरून तर प्रायमरी रडार काढण्याचा विचारही नको. खर्च वाढेल. वाढू दे.

हे मी हवेत बोलत नाही. आपल्या कॉलेजमधून दरवर्षी काही जण एअरपोर्ट्स अथॉरिटीच्या एटीसी परीक्षेला बसतात. उद्या आपल्यातलीच कोणीतरी नागपूर किंवा मुंबईच्या त्या अंधाऱ्या खोलीत पडद्यासमोर बसलेली असेल. आपल्यातलाच कोणीतरी त्या पडद्यामागचं सॉफ्टवेअर लिहीत असेल. दोघांनाही एवढंच सांगणं आहे की ठिपक्याने 'प्रेझेंट' म्हटलं की काम संपत नाही. तो खरंच तिथे आहे का, हे बघणं ही तुमची नोकरी आहे.