नाट्यविद्या शिकावी काय ?

वार्षिक स्नेहसंमेलन पार पडलें, कीं पुढील आठवड्यांत एक प्रसंग आमच्या वाट्यास हटकून येतो. ज्याच्या कामास टाळ्या पडल्या असतील तो विद्यार्थी संकोचानें येऊन विचारतो, "मास्तर, नट व्हावयाचें तर विद्यापीठांत तसें शिक्षण मिळतें काय ?" एकदोन दिवसांनीं त्याचे वडील येतात. त्यांचा प्रश्न निराळा असतो : "या खुळापासून याला परावृत्त कसें करावें ?" दोन्ही प्रश्न मनापासून विचारलेले असतात. म्हणून दोहोंचेंही उत्तर येथें एकदांच देऊन ठेवावें, असा आमचा विचार आहे.

"नटाला शिक्षण कशाला ? अभिनय उपजतच असावा लागतो," हा समज आपल्याकडे फार रूढ आहे. परंतु मराठी रंगभूमीचा इतिहास त्यास दुजोरा देत नाहीं. विष्णुदास भाव्यांनीं सन १८४३ मध्यें सांगलीस 'सीतास्वयंवर' केलें व अण्णासाहेब किर्लोस्करांनीं १८८० त पुण्यास 'शाकुंतल' रंगभूमीवर आणिलें. पुढें गांवोगांव हिंडणाऱ्या ज्या नाटक मंडळ्या निघाल्या, त्याच नटांच्या शाळा होत्या. लहान मुलगा मंडळींत दाखल झाला म्हणजे पाठांतर, गाण्याची तालीम, उभें राहण्याची व चालण्याची ढब हें सर्व तो जुन्या नटांच्या नजरेखालीं वर्षानुवर्षें शिके. बालगंधर्व किर्लोस्कर मंडळींत तयार झाले व १९१३ त सहकाऱ्यांसह त्यांनीं गंधर्व नाटक मंडळी काढिली. त्यांचा गळा ईश्वरदत्त असेल; पण त्यास वळण लागलें तें भास्करबुवा बखल्यांसारख्या गुरूच्या शिक्षणानें. मात्र मंडळीच्या शाळेची फी जबर होती. पुष्कळ मुलांचें लिहिणें-वाचणें तेथेंच थांबे, आणि मंडळी बुडाली कीं नटास दुसरा आधार उरत नसे. पुढें १९३२ त 'अयोध्येचा राजा' हा बोलपट आला. बोलपटांपुढें एकेक मंडळी मोडत गेली, आणि तिजबरोबर नट घडविण्याची ती जागाही गेली.

ही रिकामी जागा भरून काढण्याचें काम आतां विद्यापीठें व तत्सम संस्था करीत आहेत. दिल्लीचें राष्ट्रीय नाट्य विद्यालय १९५९ त स्थापन झालें. लंडनच्या नामांकित नाट्य-अकादमींत शिकून आलेले इब्राहिम अल्काझी १९६२ पासून १९७७ पर्यंत त्याचे संचालक होते. त्यांच्या करड्या शिस्तीनें त्या विद्यालयास मोठा लौकिक मिळाला. तेथील तीन वर्षांच्या अभ्यासक्रमास प्रवेश घेण्यापूर्वीं पदवी लागते, ही गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांनीं विशेष ध्यानांत ठेवावी. आपल्याकडे पुणें विद्यापीठाचें ललित कला केंद्र १९८७ पासून चालू आहे. मुंबई विद्यापीठांतही नाट्यकलेचें स्वतंत्र शिक्षण मिळतें.

तेथें शिकवितात तरी काय, असें पालक विचारतात. भरतमुनींनीं अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य व सात्त्विक असे चार प्रकार सांगितले आहेत. या चारींचीच मशागत तेथें होते, असें म्हणावयास हरकत नाहीं. शरीर लवचीक करावयाचें. श्वास असा कमवावयाचा कीं हळू उच्चारलेला शब्दही शेवटच्या रांगेस न ओरडतां ऐकूं जावा. वेष, रंगभूषा व प्रकाश यांची जाण ठेवावयाची. आणि जें दुःख आपण भोगलें नाहीं तें खरेपणानें दाखवितां यावें, एवढी मनाची तयारी करावयाची. याशिवाय देशोदेशींचीं नाटकें वाचावीं लागतात, पडदे ओढावे लागतात, दुसऱ्याच्या प्रयोगांत निमूटपणें राबावें लागतें. हें ज्यास खूळ वाटतें त्यानें एक दिवस करून पाहावें !

आतां कोणी म्हणेल, "डॉ. श्रीराम लागू कोणत्या नाट्यविद्यालयांत गेले होते ?" आक्षेप योग्य आहे. ते नाक-कान-घशाचे शस्त्रवैद्य. १९६९ त तो व्यवसाय सोडून ते पूर्णवेळ नट झाले आणि १९७० त 'नटसम्राटा'ची भूमिका करून अजरामर झाले. परंतु त्यापूर्वीं कित्येक वर्षें पुण्यास भालबा केळकरांसारख्या जाणत्यांच्या सहवासांत त्यांनीं नाटकाचा अभ्यास केला होता. उलट १९८२ च्या 'गांधी' चित्रपटांत कस्तुरबांची भूमिका करणाऱ्या रोहिणी हट्टंगडी दिल्लीच्या विद्यालयांतूनच बाहेर पडल्या. वाटा दोन असल्या तरी अभ्यास कोणासच चुकलेला नाहीं.

तथापि एक कटु सत्य आम्ही लपवूं इच्छीत नाहीं. वैद्यकाची पदवी मिळाली कीं दवाखाना थाटतां येतो. नाट्यविद्येची पदवी हातीं पडल्यावर काम मिळेलच, अशी हमी कोणतेंही विद्यापीठ देत नाहीं. दोन भूमिकांमध्यें महिनेच्या महिने रिकामे जाऊं शकतात. पालकांचें भय खोटें नाहीं. म्हणून त्यांना आमची विनंति एवढीच कीं, "होय" किंवा "नाहीं" म्हणण्यापूर्वीं ती संस्था स्वतः पाहून यावी, तेथील अध्यापकांशीं बोलावें, आणि मुलास ठराविक मुदत देऊन तिच्या अखेरीस हिशेब मागावा. मुलीच्या बाबतींतही हाच न्याय असावा. ज्या रंगभूमीवर एके काळीं स्त्रियांचीं कामें पुरुषांना करावीं लागत, तेथें आज आपल्या लेकी पदवी घेऊन उभ्या राहतात. त्यांची वाट केवळ त्या मुली म्हणून अडविणें बरें नव्हे.

विद्यार्थिमित्रहो, तुम्हांस टाळ्या हव्या आहेत कीं काम हवें आहे, हें आधीं स्वतःस विचारा. गेल्या संमेलनांत आमच्या एका विद्यार्थ्यास अवघें एक वाक्य होतें. तरी तो प्रत्येक तालमीस वेळेवर हजर असे, इतरांचीं भाषणें त्यास पाठ होतीं, आणि प्रयोगानंतर सतरंज्या गुंडाळावयास तोच शेवटपर्यंत थांबला होता. त्याला टाळी पडली नाहीं. परंतु उद्यां त्याचे वडील आम्हांकडे आले, तर "याला अवश्य शिकूं द्या," असें आम्ही निःशंकपणें सांगूं. आधीं शाळा पुरी करा, भाषा कमवा, जोडीला पोटापुरती दुसरी विद्या असूं द्या. आणि मग खुशाल रंगभूमीची वाट धरा.