गाडी माझी, गुन्हा त्याचा

'गाडी माझी आहे हो, पण चालवत तो होता.' गाडीच्या मालकाला यापेक्षा सोयीचं वाक्य अजून कुणी शोधलेलं नाही, आणि आपला कायदा ते मान डोलावून ऐकून घेतो.

९ सप्टेंबर २०२४. मध्यरात्र उलटल्यावर नागपूरच्या रामदासपेठेत एका ऑडीनं एकामागून एक गाड्या उडवल्या. ऑडी होती भाजपचे तेव्हाचे प्रदेशाध्यक्ष चंद्रशेखर बावनकुळे यांच्या मुलाच्या नावावर. ते खुद्द बावनकुळेंनीच सांगितलं. मुलगा चालकाच्या शेजारी बसला होता, हे पोलिसांनी सांगितलं. अटक झाली ती चालवणाऱ्याला. विरोधकांनी ओरड केली, टीव्हीवाल्यांनी दोन दिवस पोट भरलं, आणि शहर पुन्हा आपल्या कामाला लागलं.

पोलिसांनी कुणाला झुकतं माप दिलं की नाही, हा वाद घडीभर बाजूला ठेवू. मला राग आहे तो कायद्याच्या घडणीवर. फौजदारी गुन्हा ज्याच्या हाती स्टेअरिंग त्याचा. तत्त्व म्हणून ठीकच, दुसऱ्याच्या पापासाठी कुणाला तुरुंगात धाडू नये. मालकाला द्यावी लागते ती भरपाई, आणि तीही थर्ड पार्टी विमा असला की कंपनी भरते. म्हणजे श्रीमंत मालकाला चालकाच्या मस्तीची किंमत वर्षाच्या प्रीमियमएवढी.

आता दुसरा मालक बघा. जुनी मोटारसायकल विकली, पैसे खिशात घातले, मालकी बदलाच्या टीटी फॉर्मवर सह्या केल्या आणि 'नावावर करून घे बाबा' म्हणून मोकळा झाला. घेणारा गिरीपेठच्या आरटीओत कधी फिरकलाच नाही. विमा संपला, गाडी तिसऱ्याकडे गेली आणि त्यानं कुणाला तरी उडवलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम २(३०) प्रमाणे मालक कोण? नोंदणी ज्याच्या नावावर तो. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली 'नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार' या खटल्यात तेच सांगितलं. त्या प्रकरणातली गाडी हातोहात विकली गेली होती, तरी भरपाईचा बोजा कागदावरच्या मूळ मालकावरच पडला. जखमी माणसानं विक्रीची साखळी धुंडाळत का हिंडावं, हा न्यायालयाचा सवाल रास्तच. पण त्या निकालानं रात्रीची झोप उडते ती कुणाची? ऑडीवाल्याची नक्कीच नाही.

गाडीत नसलेला, गाडी विसरून गेलेला माणूस जन्मभराची पुंजी मोजतो. आणि शेजारच्या सीटवर बसून सगळं बघणारा मालक साक्षीदार ठरू शकतो. हा न्याय कुठला?

कायदा हतबल आहे असंही नाही. अल्पवयीन पोरानं गाडी चालवून गुन्हा केला, तर २०१९ च्या दुरुस्तीतलं कलम १९९अ पालकाला किंवा मालकाला दोषी धरूनच सुरुवात करतं: तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार दंड, बारा महिने नोंदणी रद्द. मला माहीत नव्हतं, हे सिद्ध करायचं ते मालकानं. पोरगा अठराचा झाला की ही सगळी कडकाई एका रात्रीत कुठे जाते? आणि कलम १८८? बेदरकार किंवा दारू पिऊन गाडी चालवायला चिथावणी वा साथ देणाऱ्याला चालवणाऱ्याइतकीच शिक्षा, असं ते सांगतं. किती ठाणेदारांना ते वेळेवर आठवतं, देव जाणे.

माझी मागणी साधी आहे. नोंदणीकृत मालक गाडीत हजर असेल आणि त्याच्यादेखत ती गाडी लोकांना चिरडत सुटली असेल, तर १९९अ सारखंच गृहीत त्यालाही लावा. किल्ली का दिली, आणि पहिल्या धडकेनंतर गाडी का थांबवली नाही, याचा जाब त्यानं न्यायालयात द्यावा. विमा कंपनीनं भरलेल्या पैशातला ठरावीक हिस्सा त्याच्याच खिशातून वसूल व्हावा. आणि जुनी मोटारसायकल विकणाऱ्यानं विक्रीची खबर आरटीओला दिली, की त्याचं नाव तिथल्या संगणकावरून त्याच दिवशी उतरू द्या. त्यासाठी त्याला एजंटच्या पाया पडायला लावू नका.