पास झालेल्याची फी, नापास झालेल्याची जागा

‘विद्यार्थी’ हा शब्द उच्चारला की ऐकणाऱ्याची चिकित्सा आपोआप मंदावते. त्या शब्दाभोवती निरागसतेचे असे काही वलय आहे की त्याच्या आडून काय चालले आहे हे विचारणे असभ्यपणाचे वाटू लागते. माद्रिदच्या ‘एस्तुदियांतेस’ या व्यावसायिक बास्केटबॉल क्लबाविषयी जे भाबडे, हळवे लेखन सातत्याने होत असते, ते या वलयाचा उत्तम नमुना आहे. एस्तुदियांतेस म्हणजे स्पॅनिशमध्ये ‘विद्यार्थी’. शाळेच्या अंगणात जन्मलेला, धनाढ्य रेआल माद्रिदच्या शहरात राहूनही आपला विद्यार्थीपणा जपणारा, हरला तरी हसणारा संघ, अशी ही कथा आहे. कथा सुरस आहे. पण ती ज्या पद्धतीने सांगितली जाते ती पद्धत अप्रामाणिक आहे, आणि या लेखाचा रोख त्या अप्रामाणिकपणावर आहे.

मी मराठी शिकवतो. बास्केटबॉल हा माझा प्रांत नव्हे. एम. ए.च्या वर्गात लोर्काविषयी बोलताना माद्रिदच्या एका टेकडीचा संदर्भ आला, त्या टेकडीचा पुढचा इतिहास शोधताना हा क्लब भेटला, आणि क्लबाविषयी वाचताना एका उन्हाळ्यापाशी मी अडखळलो. त्या उन्हाळ्याकडे वळण्यापूर्वी टेकडीविषयी सांगणे भाग आहे, कारण ‘निरागस मुळे’ हा दावा तिथेच पहिल्यांदा डळमळतो.

या टेकडीवर १९१५ पासून ‘रेसिदेन्सिआ दे एस्तुदियांतेस’, म्हणजे विद्यार्थी-निवास ही संस्था उभी होती. लोर्का, दाली, बुन्युएल या त्रयीमुळे आपल्याकडच्या साहित्याच्या विद्यार्थ्यालाही ती ऐकून माहीत असते. तिच्या शेजारी, १९१८ मध्ये सुरू झालेल्या ‘इन्स्तितुतो-एस्कुएला’ या प्रयोगशील शाळेचे वर्ग भरत. घोकंपट्टीविरोधी अध्यापन आणि सहशिक्षण ही तिची ओळख. यादवी युद्धानंतर, १९३९ मध्ये, विजयी फ्रँको राजवटीने ही शाळा मोडून त्याच परिसरात नवी शाळा काढली आणि तिला रामिरो दे माएस्तू यांचे नाव दिले. माएस्तू हे ‘९८च्या पिढी’तले निबंधकार, उत्तरायुष्यात कडव्या परंपरावादाचे भाष्यकार झालेले. १९३६च्या ऑगस्टमध्ये लोर्काला फ्रँकोच्या बाजूच्यांनी गोळ्या घातल्या, तर ऑक्टोबरअखेरीस माएस्तूंना प्रजासत्ताकाच्या बाजूच्यांनी. दोन्ही हत्या सारख्याच निंद्य. पण टेकडीवर नाव कोणाचे लागले, हे युद्ध कोणी जिंकले यावर ठरले. शेजारच्या जुन्या सभागृहाच्या जागी मिगेल फिसाक या वास्तुविशारदाने चर्च उभारले. व्याख्यानांची जागा प्रार्थनेने घेतली, आणि हे रूपक नाही, विटामातीचा तपशील आहे.

याच रामिरो दे माएस्तू शाळेत १९४८ मध्ये क्लब स्थापन झाला. पुढाकार घेणारे शिक्षक अंतोनिओ मागारिन्योस हे लॅटिनचे अध्यापक. एका अभिजात भाषेच्या मास्तराने मुलांना चेंडू हाती दिला ही गोष्ट मला मनापासून आवडते, आणि मागारिन्योस यांच्या निष्ठेविषयी शंका घेण्याचे काहीच कारण नाही. १९६६ मध्ये ते वारले. शाळेच्या आवारातल्या क्रीडागृहाला त्यांचे नाव दिले गेले. परंतु ‘विद्यार्थी’ म्हणजे कोण, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. ते राजवटीच्या आदर्श शाळेतले, माद्रिदच्या सर्वांत सुस्थित भागांपैकी एका भागातले मुलगे होते. एक दशकापूर्वी त्याच टेकडीवर ‘विद्यार्थी’ हाच शब्द एका निराळ्या, उदार, पांगवून टाकलेल्या जगाचे नाव होता. क्लबाने तो शब्द मुद्दाम बळकावला असे मी म्हणत नाही, तसा पुरावा माझ्यासमोर नाही. मात्र आजचे हळवे लेखक दोन्ही विद्यार्थ्यांची सरमिसळ करतात, लोर्काच्या टेकडीचे पुण्य क्लबाच्या खात्यावर जमा करतात आणि मधली १९३९ ही ओळ गाळतात, तेव्हा ते इतिहास लिहीत नसतात. ते दंतकथा लिहीत असतात. दंतकथेलाही माझी हरकत नाही, पण तिने आपले नाव सांगावे.

एस्तुदियांतेसच्या गौरवगाथेतला दुसरा अध्याय विश्वासघाताचा. क्लबाने घडवलेले खेळाडू रेआल माद्रिद पळवते, हा तो विलाप. फेर्नांदो मार्तिन १९८१ मध्ये गेला आणि १९८६ मध्ये एनबीएत खेळणारा पहिला स्पॅनिश खेळाडू ठरला. आल्बेर्तो एर्रेरोस १९९६ मध्ये गेला, फेलिपे रेयेस २००४ मध्ये. या प्रत्येक जाण्यावर अश्रू ढाळले गेले. मला या अश्रूंचा अर्थ लागत नाही. शाळेतून मुले बाहेर पडतात. त्यासाठीच शाळा असते. दरवर्षी जूनमध्ये वर्ग रिकामा होतो आणि आपण शिक्षक त्याला विश्वासघात म्हणत नाही. घडवलेल्या मुलांवर मालकी सांगावीशी वाटते त्या क्षणी संस्था शाळा राहत नाही, दुकान होते. आणि दुकान असायलाही माझी हरकत नाही, मात्र मग दुकानदाराने पालकांच्या सभेत रडू नये. पेपू एर्नांदेस याच शाळेत शिकले, दशकभर याच संघाचे प्रशिक्षक होते, आणि २००६ मध्ये त्यांच्या मार्गदर्शनाखाली स्पेनने जपानमध्ये विश्वविजेतेपद मिळवले. तेही क्लब सोडून गेल्यावरच. हे क्लबाचे वैभव आहे, नुकसान नव्हे. (२०१८ मध्ये स्पेनचे पंतप्रधान झालेले पेद्रो सांचेस हेही याच शाळेचे विद्यार्थी आणि लहानपणी याच क्लबाचे खेळाडू. माजी विद्यार्थ्यांची यादी छापण्याचा मोह कोणत्या संस्थेला आवरला आहे?)

दुकानदारीचा विषय निघालाच आहे तर नावाकडेही पाहू. स्पेनमध्ये प्रायोजकाचे नाव संघाच्या नावाला जोडण्याची रीत आहे. १९९२चा राजचषक या संघाने जिंकला तेव्हा त्याच्या नावात टपाल बचत बँक होती. २०००चा चषक जिंकला तो ‘आदेक्को एस्तुदियांतेस’ या नावाने. आदेक्को ही तात्पुरते, कंत्राटी मनुष्यबळ पुरवणारी बहुराष्ट्रीय कंपनी. ‘कंत्राटी मनुष्यबळ विद्यार्थी’! कोणा व्यंगकाराला सुचले असते तर आपण त्याला अतिशयोक्तीचा दोष दिला असता. तासिका तत्त्वावर शिकवणारे माझे तरुण सहकारी या नावावर हसले नाहीत, एवढे नमूद करतो. नंतर विमा कंपन्या आल्या, दूरध्वनी कंपन्या आल्या. १९९०च्या क्रीडा कायद्याने बहुतेक व्यावसायिक क्लबांना भागभांडवली कंपनीचे रूप घेणे भाग पाडले. एस्तुदियांतेसही त्यातून सुटला नाही. हे सगळे व्यावसायिक खेळात अटळ असेल. पण नावातला एक शब्द दरवर्षी विकला जात असताना उरलेला शब्द अस्पर्श राहतो, हे कोणत्या भाषाशास्त्रात बसते? प्रायोजक नेमका त्या उरलेल्या शब्दासाठीच पैसे मोजत असतो.

आता तो उन्हाळा. २०१६.

स्पेनच्या सर्वोच्च स्पर्धेत, म्हणजे एसीबीमध्ये, हंगामाच्या शेवटी तळाचे दोन संघ खाली उतरतात आणि दुसऱ्या श्रेणीतले दोन वर चढतात, असा नियम. १९५७ मध्ये राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाल्यापासून कधीही खाली न उतरलेले तीनच क्लब: रेआल माद्रिद, बादालोनाचा होवेंतुत आणि एस्तुदियांतेस. २०१६ मध्ये एस्तुदियांतेस तळाच्या दोघांत होता. मैदानावर तो उतरला होता. शिक्षकाच्या भाषेत, नापास झाला होता. दुसऱ्या श्रेणीत पालेन्सिया या छोट्या शहराचा संघ पहिला आला होता. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या मेलिय्या या स्पॅनिश शहराच्या संघानेही हक्क मिळवला होता. दोघेही उत्तीर्ण. पण एसीबीत प्रवेश करायचा तर केवळ जिंकणे पुरेसे नव्हते. नव्या संघाने भरायचे एक प्रचंड प्रवेशशुल्क होते, त्यावर आणखी आर्थिक अटी होत्या. पालेन्सियाला आणि मेलिय्याला ते झेपले नाही. जागा रिकाम्या राहिल्या. आणि त्या रिकाम्या जागांवर, नापास झालेले दोन्ही संघ पुन्हा बसवले गेले. त्यांपैकी एकाचे नाव ‘विद्यार्थी’.

असे पहिल्यांदाच घडले नव्हते. २०१२ मध्येही एस्तुदियांतेस मैदानावर उतरला होता, आणि तेव्हाही वर येण्याचा हक्क मिळवलेल्या मिनोर्का या बेटावरच्या क्लबाला आर्थिक अटी पूर्ण करता आल्या नाहीत म्हणून वाचला होता. ‘कधीही न उतरलेले तीन’ या गौरवपूर्ण वाक्यात पुढची पाच वर्षे या घटनेची खूण ठेवावी असे फारच थोड्यांना वाटले.

आपल्याकडे डोनेशनवर चालणाऱ्या महाविद्यालयांच्या फाटकाबाहेर गुणपत्रिका हातात घेऊन उभा राहिलेला मुलगा ज्याने पाहिला आहे, त्याला हा प्रसंग समजावून सांगावा लागणार नाही. पास झालेल्याजवळ फी नाही म्हणून नापास झालेल्याची जागा शाबूत. ग्रेस गुणांशी याची तुलना करणे म्हणजे ग्रेस गुणांचा अपमान आहे. ते देताना दुसऱ्या कोणाचे गुण कापले जात नाहीत. इथे आत असलेल्याचे संरक्षण बाहेरच्याच्या दारिद्र्याने केले.

यावर येणारा आक्षेप मला ठाऊक आहे, आणि तो हलका नाही. नियम एस्तुदियांतेसने एकट्याने केला नव्हता. जागा नाकारली असती तर क्लबातल्या कितीतरी माणसांच्या नोकऱ्या गेल्या असत्या. या क्लबाच्या छत्राखाली मुलामुलींचे असंख्य संघ खेळतात, त्यांचा खर्च वरच्या संघाच्या उत्पन्नातून निघतो. हे खरे आहे. दुसऱ्या एखाद्या क्लबाने हेच केले असते तर मी हा लेख लिहिला नसता. बँकेने बँकेसारखे वागावे, त्यात टीकेला वाव नाही. परंतु जो क्लब सदुसष्ट-अडुसष्ट वर्षे सांगत आला की आम्ही इतरांसारखे नाही, आमची मुळे वर्गात आहेत, त्याच्याकडून वर्गातला सर्वांत साधा नियम पाळला जाण्याची अपेक्षा करणे गैर कसे? निकाल लागला की तो मान्य करायचा. शिवाय तो क्लब म्हणजे केवळ संचालक मंडळ नव्हे. सत्तरच्या दशकापासून त्याच्या पाठीराख्यांचा ‘ला देमेन्सिआ’, म्हणजे ‘बुद्धिभ्रंश’, हा गट प्रसिद्ध आहे. स्वतःच्याच पराभवाची टिंगल करणारी, विडंबनाच्या आधारावर उभी राहिलेली ही मंडळी. हरण्याची इतकी समृद्ध भाषा स्पॅनिश क्रीडाजगतात क्वचितच कोणाकडे असेल. खाली उतरणे पेलण्याची सांस्कृतिक तयारी ज्याच्याजवळ सर्वाधिक होती, तोच क्लब दोनदा पैशाच्या फटीतून वर राहिला. मला यातली शोकांतिका पालेन्सियाची वाटते, पण विसंगती मात्र एस्तुदियांतेसची.

२०१७ मध्ये स्पेनच्या स्पर्धा नियामक आयोगाने या प्रवेश-अटींबद्दल एसीबीला दंड ठोठावला, आणि अटी सैल झाल्या. म्हणजे दरवाजा उघडला तो सरकारी आयोगाने. आतल्या ‘विद्यार्थ्यां’नी नव्हे.

२०२१ मध्ये एस्तुदियांतेस पुन्हा तळाला गेला, आणि या वेळी खरोखर उतरला. चौसष्ट वर्षांची परंपरा खंडित झाल्याबद्दल मृत्युलेखाच्या सुरात लिहिले गेले. त्या वेळी क्लबाचा महिला संघ सर्वोच्च श्रेणीतच खेळत होता, याची दखल त्या शोकात अपवादानेच कोणी घेतली. १९४८ मधला ‘विद्यार्थी’ हा पुल्लिंगी शब्द किती दीर्घायुषी असतो पाहा. माझे म्हणणे असे, की शोक करायचा तर तो २०१२ आणि २०१६चा करायला हवा होता. २०२१चा निकाल हा निकाल होता. हरलेला खाली गेला, जिंकलेला वर आला, कोणाच्या रिकाम्या खिशावर कोणी उभे राहिले नाही. मागारिन्योस मास्तरांनी उत्तरपत्रिका तपासल्या असतील तर त्यांना तो मान्य झाला असता, असे म्हणण्याचा मोह होतो. पण दिवंगताच्या तोंडी आपले मत घालणे हा त्याच हळव्या लेखकांचा उद्योग, तो मी करणार नाही.

पालेन्सियाने सात वर्षांनी, २०२३ मध्ये, पुन्हा पात्रता मिळवली आणि २०२३-२४चा हंगाम ते सर्वोच्च स्पर्धेत खेळले. तळाला राहिले आणि मुकाट्याने उतरले. त्या हंगामात एस्तुदियांतेस दुसऱ्या श्रेणीत होता.